फुटपाथ आणि मालकीचा फ्लॅट यांच्या मधलं घर

मुंबईत ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याला देण्यासारख्या सरकारकडे मुळात दोनच गोष्टी आहेत. एक म्हणजे निवारा केंद्रात पाठ टेकायला जागा. दुसरी म्हणजे पुनर्वसनात मिळणारं मालकीचं घर. पहिली फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि दुसरीसाठी जे कागद लागतात ते फुटपाथवर टिकत नाहीत. या दोन टोकांच्या मध्ये खिशाला झेपेल अशी भाड्याची खोली असायला हवी. बहुतेकांना जायचं असतं ते तिथेच, आणि नेमकं तिथेच धोरण म्हणावं असं काही उरलेलं नाही. बेघरांच्या प्रश्नाला बाजू पुष्कळ आहेत, पण माझ्या मते मुख्य अडचण ही आहे. ती एका दिवसात तयार झालेली नाही. कायदे, न्यायालयाचे निकाल आणि सरकारी निर्णय यांतून ती कशी घडत गेली, ते सोप्या शब्दांत मांडायचा हा प्रयत्न.

आधी बेघर कोणाला म्हणायचं ते पाहू. जनगणनेच्या हिशेबात जे कोणत्याही इमारतीत किंवा घरात राहत नाहीत ते बेघर: रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर राहणारे. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री ही मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७० हजार, महाराष्ट्रात २ लाखांहून जास्त आणि बृहन्मुंबईत ५७ हजारांच्या घरात माणसं बेघर निघाली. पुढची जनगणना लांबत गेली, त्यामुळे आजही धोरणं याच आकड्यांवर बेतली जातात. या कामात असलेल्या संस्था खरा आकडा बराच मोठा असल्याचं सांगत आल्या आहेत, आणि ते पटण्यासारखं आहे. हातगाडीवरच झोपणारा हमाल, हॉटेल बंद झाल्यावर तिथल्याच टेबलांवर पथारी पसरणारा पोरगा, लग्नाच्या मोसमात केटरिंगच्या कामाला बाहेर गेलेली बाई हे एका रात्रीच्या मोजणीत सापडणं कठीण. झोपडपट्टीत राहणारे या आकड्यात धरलेले नाहीत. मुंबईच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे ४० टक्के आहे आणि त्यांची कथा वेगळी आहे, पण दोन्ही कथा एका जागी येऊन मिळतात. ते पुढे येईलच.

फुटपाथवर राहणाऱ्यांना कामधंदा नसतो, हा समज मात्र सुरुवातीलाच बाजूला ठेवायला हवा. त्यांच्यातले पुष्कळजण काम हाकेच्या अंतरावर आहे म्हणूनच तिथे राहतात. दादरच्या फुलबाजारातून पहाटे फुलं आणायची, फुटपाथवर बसून गजरे ओवायचे आणि संध्याकाळी सिग्नलला विकायचे, हा कितीतरी पारधी कुटुंबांचा रोजचा दिवस. नालासोपाऱ्याला खोली घेतली तर पहाटे चारला फुलबाजारात पोचायचं कसं, आणि रात्री उशिरा शेवटचा गजरा विकून परतायचं कसं? शिवाय पारधी समाजाची गोष्ट घरापुरती नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने देशातल्या अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्या यादीत पारधीही ओढले गेले. १९५२ मध्ये कागदावरचा शिक्का पुसला गेला, गावाच्या नजरेतला राहिलाच. गावात जमीन नाही, गावकुसाबाहेरचं पालही कधी उठवतील सांगता येत नाही. ज्याला गावातच घर नव्हतं त्याला "गावी परत जा" असं सांगण्यात काहीही अर्थ नाही.

आता कागदांबद्दल. फुटपाथवरच्या संसारात सर्वांत जपलेली वस्तू बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रेशनकार्ड, आधारकार्ड, पोराच्या जन्माचा दाखला, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, पालिकेने कधी दंड केला असेल तर त्याची पावतीसुद्धा. ही दंडाची पावती फेकायची नसते, कारण अमुक साली आपण इथेच राहत होतो याचा तो पुरावा असतो. पालिकेची गाडी आली की बांबू, ताडपत्री, भांडी, कपडे सगळं गाडीत चढतं. बाई आधी पोराला उचलते, मग स्टोव्ह, आणि तेवढ्या धावपळीत पिशवी गेली की गेली. नवीन रेशनकार्ड काढायचं तर पत्त्याचा पुरावा हवा. पत्त्याचा पुरावा हवा तर पत्ता हवा. गाडी निघून गेल्यावर तासाभरात ताडपत्री पुन्हा उभी राहू शकते, कागद राहत नाहीत. म्हणून कारवाईनंतर माणसं जागच्या जागीच असतात, फक्त सरकारदरबारी पूर्वीपेक्षा जास्त अदृश्य होतात.

हे कागद इतके निर्णायक कसे झाले, त्यासाठी १९८१ च्या पावसाळ्यात जावं लागेल. १३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना हटवून जिथून आले तिथे परत पाठवलं जाईल. पत्रकार ओल्गा टेलिस, काही नागरी हक्क संघटना आणि स्वतः फुटपाथवर राहणारे लोक न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे या निकालाने मान्य केलं. माणसाचं पोट भरायचं साधन काढून घेतलंत तर त्याचं जगणंच काढून घेतल्यासारखं आहे, हे देशाच्या कायद्यात तेव्हा पक्कं झालं. भारतात घराच्या हक्काबद्दल कुठलाही खटला चालला की आजही या निकालाचा दाखला निघतो.

पण त्याच निकालाचा दुसरा भाग कमी लोकांना माहीत असतो. फुटपाथवर राहायचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. रीतसर नोटीस देऊन, म्हणणं ऐकून हटवता येईल आणि त्याआधी पर्यायी जागा दिलीच पाहिजे असं बंधन नाही, असं ठरलं. पर्यायी जागा द्यायची ती ज्यांच्याकडे १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची ओळखपत्रं होती त्यांना. म्हणजे तत्त्व सर्वांसाठी, पण प्रत्यक्ष जागा कागद असलेल्यांसाठी. पुढच्या चाळीस वर्षांचं धोरण याच वळणावर चालत राहिलं.

त्याच काळात भायखळ्याच्या फुटपाथवर वेगळं काम सुरू होतं. १९८४ साली स्थापन झालेल्या 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवरच्या कुटुंबांची गणना केली आणि १९८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. निकालानंतर सगळीकडे हातोडे पडतील ही भीती होती, आणि या लोकांची धड मोजणीच कोणी केली नव्हती. पुढे फुटपाथवरच्या बायकांचं 'महिला मिलन' उभं राहिलं, जोकिन अर्पुथम यांचा झोपडीवासीयांचा महासंघ सोबत होता. या बायकांनी रोजच्या कमाईतून थोडी थोडी बचत सुरू केली आणि आपलं घर कसं हवं याचे नमुने स्वतः तयार केले. चौदा फूट उंचीची एकच खोली, आत माळा: खाली स्वयंपाक आणि काम, वर झोपायची जागा. जागा लहानच मिळणार हे गृहीत धरून उंचीतून घर वाढवायचं, हा शहाणपणा रोज सहा-आठ फुटांच्या ताडपत्रीखाली संसार करणाऱ्या बाईलाच सुचू शकतो. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवर राहणाऱ्यांनाही पात्र धरलं गेलं, त्यामागे हा दबाव होता.

ही योजना, म्हणजे आपण ज्याला 'एसआरए' म्हणतो ती, मुंबईच्या घर-धोरणाचा कणा आहे. विकासकाने झोपडीवासीयांना फुकट घरं बांधून द्यायची आणि बदल्यात मिळालेल्या जादा चटईक्षेत्रातली, म्हणजे जास्तीच्या बांधकाम परवानगीतली, घरं बाजारात विकून नफा कमवायचा. फुकट घराचा आकार आधी २२५ चौरस फूट होता, मग २६९ झाला, आता ३०० आहे. हजारो कुटुंबांना यातून पक्कं घर मिळालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दारावर पाटी आहे: अमुक तारखेआधीपासून इथे राहत असल्याचं सिद्ध करा. ही तारीख १९७६ पासून सरकत सरकत १९८०, १९८५, १९९५ आणि मग १ जानेवारी २००० पर्यंत आली. २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर द्यायचं ठरलं. दर वेळी तारीख पुढे सरकते आणि दर वेळी तिच्या पलीकडे नवे लोक उरतात. वस्तीतली यादी लागते, नावापुढे 'पात्र' किंवा 'अपात्र' लिहून येतं. अपात्र ठरलेलं कुटुंब हवेत विरघळत नाही. ते दुसऱ्या वस्तीत भाड्याने जातं, नातेवाइकांकडे पाच-सहा जणांत कोंबून राहतं, किंवा फुटपाथवर येतं. झोपडपट्टी आणि फुटपाथ या दोन कथा मिळतात त्या इथे.

तारखेचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. वस्तीत खोली भाड्याने देणारा मालक भाडेकरूला कागद द्यायला कचरतो. लेखी करार झाला, विजेचं बिल त्याच्या नावावर गेलं, तर उद्या पुनर्वसनात हाच हक्क सांगेल, ही धास्ती. म्हणून सगळा व्यवहार तोंडी, भाडं रोख, डिपॉझिट रोख, आणि दर थोड्या महिन्यांनी खोली बदलायची. पंधरा वर्षं मुंबईत भाडं भरलेल्या माणसाकडे एका ठिकाणी सलग राहिल्याचा एकही पुरावा नसतो. मालकीचं घर देणाऱ्या योजनेने भाड्याने राहणाऱ्याची पावतीसुद्धा हिरावून घेतली.

मग निवारा केंद्रांचं काय? दिल्लीच्या २००९-१० च्या कडाक्याच्या थंडीत बेघरांच्या हालांचा विषय अन्न हक्काच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचं एक केंद्र हवं, हा दंडक तिथून आला. २०१३ मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली: केंद्र चोवीस तास आणि बारा महिने उघडं, माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, आणि आलेल्याला रेशन, बँक खातं, दाखले मिळवून देण्याची जबाबदारी. कागदावर ही योजना चांगली आहे. २०११ च्या लोकसंख्येने मुंबईला १२० हून जास्त केंद्रं लागतील. शहर त्याच्या जवळपासही पोचलेलं नाही, आणि जी आहेत त्यांत संपूर्ण कुटुंबाला एकत्र राहता येईल अशी फार कमी. नवरा एका केंद्रात, बायको-मुलं दुसऱ्या, सामान कुठेच नाही, अशी विभागणी करून घेण्यापेक्षा कुटुंब पुलाखाली एकत्र राहणं पसंत करतं. यात त्यांचा हट्ट काहीच नाही.

त्यातच १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. जगण्याचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही त्याच्या व्याख्येत भिकारी ठरतो आणि त्याला डांबून ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याच्या बऱ्याच कलमांना दिल्लीपुरतं घटनाबाह्य ठरवलं. एका हाताने निवारा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने धरपकडीची भीती घालायची, तर माणूस सरकारी माणसापासून लांबच पळणार.

आता भाड्याच्या घरांकडे येऊ, कारण मुंबईला ही विद्या एकेकाळी चांगली येत होती. १८९६ च्या प्लेगनंतर नेमलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बीआयटी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या केल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या, सार्वजनिक नळ-संडास. सोयी बेताच्याच, पण कोकणातून किंवा साताऱ्याहून गिरणीत आलेला कामगार तिथे दोन पैसे भाडं देऊन कायदेशीरपणे राहू शकत होता. खाजगी मालकही चाळी बांधत होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या आणि फाळणीच्या त्या दिवसांत या कायद्याने लाखोंना रस्त्यावर येण्यापासून वाचवलं, हे विसरता कामा नये. पण तात्पुरती म्हणून आणलेली ही गोठवणूक पन्नास वर्षं सुटली नाही. भाड्यासाठी बांधणं परवडेना, असलेल्या इमारतींची डागडुजीही थांबली. खाजगी मालक बाहेर पडला आणि त्याची जागा सरकारने घेतली नाही.

एकदा प्रयत्न झाला. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) १६० चौरस फुटांच्या खोल्या भाड्याने देण्याची योजना आणली, विकासकांना त्यासाठी भरघोस चटईक्षेत्र दिलं. काही इमारती उभ्याही राहिल्या. पण भाडं कोण वसूल करणार, देखभाल कोण करणार, याचं उत्तर कोणी तयार ठेवलं नव्हतं. योजना गुंडाळली गेली आणि पनवेलजवळच्या कोन इथली अशी घरं पुढे गिरणी कामगारांच्या सोडतीत मालकीने गेली. २०२० मध्ये टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले, ते देशाने पाहिलं आणि केंद्राने भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची योजना जाहीर केली. तिचाही मोठा विस्तार झाला नाही. आणि बीडीडी चाळींचा पुनर्विकास होतो आहे, त्यात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मालकीने मिळताहेत. ज्यांनी तिथे तीन-चार पिढ्या काढल्या त्यांना ती मिळावीतच. पण त्याबरोबर मुंबईतला सरकारी भाड्याच्या घरांचा एक मोठा साठा कायमचा संपतो आहे आणि त्याच्या जागी नवा कुठे उभा राहतो आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

भाड्याचा उपाय चालतो का, याचं उत्तर चेंबूरजवळच्या माहुलने दिलं आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबांना माहुलला पक्क्या फ्लॅटमध्ये नेलं. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, हवेत उग्र वास, दम्याचे आणि त्वचेचे आजार, शाळा आणि काम लांब. लोकांनी फ्लॅट सोडून रस्त्यावर आंदोलन केलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की या कुटुंबांना माहुलमध्ये राहायला भाग पाडू नका, दुसरीकडे घर द्या, ते जमत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये डिपॉझिट द्या. फ्लॅट मिळाला म्हणजे घर मिळालं असं होत नाही आणि भाड्याचे पैसे हासुद्धा पुनर्वसनाचा मार्ग असू शकतो, या दोन्ही गोष्टी त्या एका आदेशात आहेत.

माणूस बेघर होऊच नये म्हणून काय करायचं, याबद्दल बोलणं आपल्याकडे फारसं होत नाही. माणूस रस्त्यावर येतो तो क्षण बऱ्याचदा आधी ठाऊक असतो: पुनर्वसनाच्या यादीत अपात्र ठरणं, धोकादायक इमारतीची नोटीस, अठरा वर्षं पूर्ण होऊन बालगृहातून बाहेर पडणं, मनोरुग्णालयातून सुटणं, मोठा आजार. परळच्या टाटा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेले रुग्ण उपचारांच्या मधले दिवस काढतात. दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा कितीतरी वर्षं अशांना आसरा देते आहे, पण गरज तिच्या भिंतींत मावणारी नाही. २०२१ मध्ये म्हाडाने रुग्णालयाला १०० सदनिका द्यायचं ठरवलं, तेव्हा आधी निवडलेल्या ठिकाणच्या रहिवाशांनी विरोध केला आणि जागा बदलावी लागली. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी यांची कर्जतची संस्था करते, त्याबद्दल त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा कामाचा भार एखाद-दोन संस्थांवर राहणं ही धोरणाची उणीव आहे.

फिनलंडचं उदाहरण या विषयात सगळे देतात. मुंबईच्या निम्म्याहून कमी लोकसंख्येचा तो श्रीमंत देश आहे, त्यामुळे जसंच्या तसं इथे आणता येणार नाही. पण त्यांनी काय केलं ते नीट पाहावं. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे सुमारे २० हजार बेघर होते. २००८ पासून सरकारने ठरवलं की आधी घर, मग बाकीचं. व्यसन सोडा, काम मिळवा, मग घर देऊ, अशी अट नाही. हेलसिंकीतल्या साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या मोठ्या निवाऱ्यात अडीचशेच्या आसपास खाटा होत्या. तीच इमारत आतून बदलून सुमारे ऐंशी स्वतंत्र सदनिका केल्या. प्रत्येकाच्या नावावर भाडेकरार, स्वतःची किल्ली, आणि खाली मदतीला कर्मचारी. भाडं त्याने स्वतः भरायचं, कमी पडलं तर सरकारी भत्ता. तिथे मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक भाड्याची घरं आधीपासून होती, म्हणून हे जमलं. २०२३ मध्ये बेघरांचा आकडा ३,४२९ वर आला होता, आणि त्यात नातेवाइकांकडे तात्पुरते राहणारेही मोजलेले आहेत. पुढच्या वर्षी तो पुन्हा वाढून ३,८०६ झाला. त्याच काळात सरकारने घरभत्त्यात कपात केली होती.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'माझे घर, माझा अधिकार' हे नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे आणि नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचाही विचार त्यात आहे. ही घरं बांधून झाल्यावर कोणाच्या मालकीत राहतील, काही वर्षांनी विकली जाणार नाहीत याची हमी काय, भाडं बाजाराच्या दराने असेल की कमाईच्या प्रमाणात, हे आत्ताच विचारायला हवं. दादरला गजरे ओवणाऱ्या बाईला कुठल्याही तारखेचा पुरावा न दाखवता त्यातली खोली भाड्याने घेता येईल का, आणि तिने भरलेल्या पहिल्या महिन्याच्या भाड्याची पावती तिच्या नावाने फाडली जाईल का, हेही.